विश्लेषण : सुडोकू आधी ओढ लावते, मग कंटाळा का आणते?

रोजच्या अंकातील ८१ घरांचे कोडे अनेकांना सोडवत नाही आणि अनेकांना पुरे झाले तरी सोडता येत नाही. बुद्धी तल्लख होते, विस्मरण टळते, स्पर्धा परीक्षेत गुण वाढतात, असे दावे त्याभोवती केले जातात. त्यात तथ्य किती? आणि या कोड्याचा विदर्भातील शेताशी आणि नागपूरच्या एका गणितज्ञाशी काय संबंध?

वडनेर भोलजीच्या फाट्यावरचे कोडे

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा तालुक्यात, नांदुरा आणि मलकापूर यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वडनेर भोलजी हे गाव आहे. महामार्गावरच्या कुठल्याही गावाप्रमाणे येथेही एसटीची वाट पाहणे हा दिवसाचा एक भाग असतो. पूर्वी हा वेळ वर्तमानपत्राच्या एका पानावर चार जणांत वाटून निघत असे. आता प्रत्येकाच्या हातात ई-पेपर आहे. बातम्या वाचून होतात, राशिभविष्य पाहून होते आणि मग बोट शेवटच्या पानावरच्या चौकटीवर येऊन थांबते.

पण ई-पेपरमधले सुडोकू ही मोठी गमतीची अडचण आहे. पान म्हणजे एक चित्र. त्यावर पेन्सिल चालत नाही. चिमटीने मोठे करावे तर अर्धीच चौकट दिसते. मग कोणी वहीच्या मागच्या पानावर, कोणी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर नऊ बाय नऊच्या रेघा मारतो आणि दिलेले अंक उतरवून घेतो. उतरवताना एक अंक चुकला तर अर्ध्या तासाने सगळेच फिसकटते. ज्याला इतकी खटपट नको, तो ॲप उतरवून घेतो. ओढ आणि कंटाळा यांची खरी गोष्ट या दोन वाटांपासून सुरू होते.

यात गणित किती?

आकडे दिसले की अनेकजण लांबूनच हात जोडतात. शाळेत गणिताचा धसका घेतलेल्यांची संख्या आपल्याकडे कमी नाही. प्रत्यक्षात सुडोकूत बेरीज नाही, वजाबाकी नाही, पाढेही नाहीत. १ ते ९ या अंकांऐवजी नऊ भाज्यांची चित्रे ठेवली तरी कोडे तेच राहील. नियम एवढाच : प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या रकान्यात आणि तीन बाय तीनच्या प्रत्येक चौकोनात नऊही अंक एकेकदाच यावेत.

म्हणजे हे आकडेमोडीचे कोडे नसून वगळण्याचे कोडे आहे. या घरात ५ का येऊ शकत नाही? कारण त्याच ओळीत तो आधीच आहे. ७ का नाही? कारण तो त्याच चौकोनात आहे. असे वगळत गेले की शेवटी एकच अंक उरतो. चोर शोधताना गावात नसलेल्यांची नावे आधी खोडावीत, तशी ही रीत आहे. निरक्षर आजीलाही ती समजते, फक्त अंकांची ओळख हवी.

मग एवढी ओढ का?

पहिले कारण म्हणजे हमी. नीट तयार केलेल्या सुडोकूला उत्तर असतेच आणि ते एकच असते. आयुष्यात अशी हमी फार थोड्या ठिकाणी मिळते. सोयाबीन पेरले तर पाऊस वेळेवर येईल का, कापूस घरात ठेवला तर भाव वाढेल का, भरतीची जाहिरात या वर्षी निघेल का, या प्रश्नांची उत्तरे विचार करून सापडत नाहीत. सुडोकूत मात्र लागणारी सगळी माहिती डोळ्यांसमोर असते. काहीही लपवलेले नसते, नशिबाचा भाग नसतो, ओळखपाळख लागत नाही.

दुसरे कारण म्हणजे एका उत्तरातून दुसरे निघणे. बराच वेळ काहीच सुचत नाही. मग एक ४ बसतो, त्यामुळे शेजारच्या चौकोनातला ९ निश्चित होतो, त्यावरून खालचे २ आणि ६ सुटतात. गाठ सैल झाल्यावर दोरा सरसर निघावा, तसा अनुभव येतो. ते काही क्षण माणसाला पुन्हा पुन्हा परत आणतात.

या ओढीचे एक टोकाचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. २००८ मध्ये सिडनीतील अमली पदार्थांचा एक खटला अर्ध्यावर रद्द करावा लागला. शंभराहून अधिक साक्षीदार तपासून झाले होते आणि खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेला होता. ज्युरीतील काही सदस्य साक्षी चालू असताना सुडोकू सोडवत असल्याचे उघड झाले. ते टिपणे घेत आहेत, असा सर्वांचा समज होता. पण त्यांचे पेन आडवे चालण्याऐवजी उभे चालताना दिसले आणि शंका आली. कंटाळवाण्या साक्षींवरचा उतारा म्हणून त्यांनी सुडोकू हाती घेतले होते. कंटाळा घालवणारी गोष्ट म्हणून जगाने हे कोडे स्वीकारले. त्याच कोड्याचा पुढे कंटाळा येतो, हा त्यातला विरोधाभास.

कोडे आले कोठून?

नाव जपानी असले तरी आजचे सुडोकू अमेरिकेत जन्मले. इंडियानापोलिसचे निवृत्त वास्तुरचनाकार हॉवर्ड गार्न्स यांचे ‘नंबर प्लेस’ नावाचे कोडे १९७९ मध्ये डेल कंपनीच्या कोड्यांच्या मासिकात आले. त्याखाली त्यांचे नावही नव्हते. १९८४ मध्ये जपानच्या निकोली या प्रकाशन संस्थेने ते उचलले. संस्थेचे माकी काजी यांनी त्याला लांबलचक नाव दिले. त्याचा अर्थ साधारण ‘अंक एकटेच असावेत’ असा होता. त्याचे आखूड रूप म्हणजे सुडोकू. दिलेले अंक चौकटीत सममितीने मांडायचे आणि ३२ पेक्षा जास्त द्यायचे नाहीत, हे संकेतही निकोलीने घातले.

जगभर ते नेले मूळच्या न्यूझीलंडच्या वेन गोल्ड यांनी. हाँगकाँगमध्ये न्यायाधीश राहिलेल्या गोल्ड यांनी १९९७ मध्ये टोकियोतील पुस्तकांच्या दुकानात हे कोडे पाहिले आणि ते आपोआप तयार करणारा संगणक प्रोग्राम लिहिण्यात सहा वर्षे घालवली. १२ नोव्हेंबर २००४ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पहिले सुडोकू छापून आले. त्यानंतर जगभरच्या दैनिकांत त्याची लाट आली आणि मराठी दैनिकांनीही त्याला रोजची जागा दिली. गार्न्स हे सारे पाहायला नव्हते. त्यांचे १९८९ मध्येच निधन झाले होते.

येथे एक मुद्दा लक्षात घ्यायला हवा. निकोलीची कोडी माणसे हाताने रचत. गोल्ड यांची कोडी संगणक तयार करत होता. हाताने रचलेल्या कोड्यात रचणाऱ्याने वाचकासाठी एखादी वाट आखलेली असते. यंत्राने काढलेल्या कोड्यात उत्तर एकच असल्याची खात्री असते, पण वाट सुंदर असेलच असे नाही. रोजच्या सुडोकूला येणाऱ्या कंटाळ्याचे एक मूळ येथे आहे.

कोडी संपत नाहीत, तरी कंटाळा का?

पूर्ण भरलेल्या सुडोकू चौकटी किती असू शकतात, याचा हिशेब बर्ट्राम फेल्गनहाउअर आणि फ्रेझर जार्विस यांनी २००५ मध्ये मांडला. ती संख्या आहे ६,६७,०९,०३,७५,२०,२१,०७,२९,३६,९६०. त्यातल्या पुष्कळ चौकटी एकमेकींच्या सावल्या असतात : अंकांची अदलाबदल केलेली, चौकट फिरवलेली, ओळी बदललेल्या. त्या वगळल्या तरी सुमारे ५४७ कोटी चौकटी खरोखर वेगळ्या उरतात. रोज एक सोडवली तर दीड कोटी वर्षे लागतील.

मग कंटाळा काही आठवड्यांत कसा येतो? कारण कोडी अगणित असली, तरी ती सोडवण्याच्या युक्त्या मोजक्या आहेत. घरात एकच अंक शक्य असणे, ओळीत एखाद्या अंकाला एकच घर उरणे, दोन घरांत त्याच दोन अंकांची जोडी अडकणे आणि तीवरून बाकीची घरे मोकळी होणे. सोप्या आणि मध्यम कोड्यांना एवढे पुरते. या युक्त्या एकदा हातात बसल्या की नवे कोडे हे नवे राहत नाही. आकडे बदलतात, विचार तोच राहतो.

अवघड कोड्यांत वेगळाच त्रास असतो. प्रत्येक रिकाम्या घरात शक्य असलेले अंक बारीक अक्षरांत लिहायचे आणि एक अंक बसला की वीस ठिकाणी खोडाखोड करायची. हे काम विचाराचे कमी आणि अडत्याच्या मुनिमाने करायच्या कारकुनीचे जास्त. त्यात मोबाइलला हेच कोडे सोडवायला निमिषही लागत नाही. तो अंदाजाने अंक घालतो, अडला की मागे येतो, पुन्हा घालतो. त्याला कंटाळा नाही. माणसाला आहे आणि ते माणसाच्या बाजूने चांगलेच आहे.

नागपूरचे श्रीखंडे आणि ऑयलरचा अंदाज

कंटाळ्यातून पुढे कसे जायचे, याचे सर्वांत मोठे उदाहरण मराठी माणसाच्या नावावर आहे. सुडोकूचा पूर्वज म्हणजे लॅटिन चौरस. पहिल्या ओळीत क, ख, ग. दुसरीत ख, ग, क. तिसरीत ग, क, ख. प्रत्येक अक्षर प्रत्येक ओळीत आणि रकान्यात एकदाच. स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात यावर एक कोडे घातले. सहा पलटणींतून सहा हुद्द्यांचे असे ३६ अधिकारी सहा बाय सहाच्या चौरसात उभे करायचे. प्रत्येक ओळीत आणि रकान्यात प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच यावा. म्हणजे दोन लॅटिन चौरस एकावर एक. हे जमत नाही, असे ऑयलर यांना वाटले आणि १०, १४, १८, २२ अशा पुढच्या आकारांनाही जमणार नाही, असा अंदाज त्यांनी १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात मांडला.

सहाच्या बाबतीत ते बरोबर होते. १९०१ मध्ये गास्तों तारी यांनी सगळ्या शक्यता गटागटाने तपासून ते सिद्ध केले. चिकाटीचे, पण कंटाळवाणे काम. दहाच्या आकाराला ही रीत चालणे शक्य नव्हते. संगणकावर शंभराहून अधिक तास शोध घेऊनही हाती काही लागले नव्हते.

१९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी ऑयलर यांचा पावणेदोनशे वर्षांचा अंदाज खोटा ठरवला. बोस आणि श्रीखंडे यांनी २२ आकाराचा चौरस रचून दाखवला, पार्कर यांनी १० आकाराचा. पुढे तिघांनी मिळून दाखवले की २ आणि ६ सोडून सर्व आकारांना असे चौरस आहेत. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर ही बातमी होती.

यातले श्रीखंडे नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात शिकले आणि तेथे त्यांनी शिकवलेही. पुढे मुंबई विद्यापीठात त्यांनी गणिताचे केंद्र उभे केले. २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी एकेक घर भरत बसण्याऐवजी चौरस जमतो तो कोणत्या रचनेमुळे, हे शोधले. घरे भरण्याचा कंटाळा जेथे संपतो, तेथे गणित सुरू होते, असे या उदाहरणावरून म्हणता येईल.

शेताचा आणि सुडोकूचा संबंध

हा निव्वळ बुद्धीचा खेळ नव्हता. बोस आणि श्रीखंडे ज्या शाखेत काम करत होते, ती प्रयोगांची आखणी करणारी शाखा शेतातूनच वाढली. कपाशीच्या पाच वाणांपैकी कोणते चांगले, हे ठरवायचे आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही की एकाच शिवारात एका धुऱ्याला जमीन भारी, दुसऱ्या धुऱ्याला हलकी, कोठे पाणी साचते तर कोठे खारपट असते. चांगल्या तुकड्यात लावलेले वाण चांगले दिसणारच. मग वाण चांगले की माती?

उपाय असा : शेताचे पाच बाय पाच असे २५ वाफे करायचे आणि प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत व रकान्यात एकदाच लावायचे. त्यामुळे उतार आणि सुपीकता यांचा फायदा-तोटा सगळ्या वाणांना सारखा वाटला जातो. इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. भारतात वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी शेती संशोधकांसाठी लिहिलेला १९५४ चा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला.

१९५६ मध्ये जर्मनीच्या बेहरेन्स यांनी यात आणखी एक अट घातली. ओळ आणि रकाना यांबरोबरच शेतातील प्रत्येक तुकड्यातही प्रत्येक वाण एकदाच यावे. नऊ वाण, ८१ वाफे आणि तीन बाय तीनचे नऊ तुकडे घेतले तर जे तयार होते, ते म्हणजे पूर्ण सोडवलेले सुडोकू. गार्न्स यांचे कोडे छापून येण्याच्या २३ वर्षे आधी ही चौकट शेतासाठी कागदावर उतरली होती. वडनेर भोलजीच्या फाट्यावर मोबाइलमध्ये दिसणारी चौकट आणि रस्त्यापलीकडचे शिवार यांचे नाते असे जवळचे आहे.

विस्मरण टळते का? परीक्षेत फायदा होतो का?

सुडोकूची भलामण करताना सर्वाधिक केला जाणारा दावा म्हणजे म्हातारपणी बुद्धी शाबूत राहते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या संशोधकांनी १९३६ मध्ये जन्मलेल्या ४९८ जणांवर केलेला अभ्यास डिसेंबर २०१८ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. या सर्वांची अकराव्या वर्षी बुद्धिचाचणी झालेली होती. आयुष्यभर डोक्याला चालना देणारे छंद जोपासणाऱ्यांची उतारवयातील पातळी वरची आढळली. मात्र, वयानुसार होणारी घसरण त्यामुळे मंदावल्याचे दिसले नाही. म्हणजे उतार तेवढाच, फक्त सुरुवात जरा उंचावरून.

‘मेंदूचा व्यायाम’ विकणाऱ्या लुमोसिटी या ॲपच्या कंपनीला विस्मरण टाळण्यासारख्या दाव्यांना पुरेसा आधार न दिल्याबद्दल २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले. घरातील आजोबांना सुडोकू आवडत असेल तर जरूर सोडवावे. पण विसरभोळेपणा वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवणे कोड्यावर ढकलू नये.

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी हा विषय असतो. बँकांच्या परीक्षेत बैठकव्यवस्थेची कोडी असतात. सुडोकूने मन लावून बसण्याची सवय लागेल, हे खरे. पण परीक्षेतले प्रश्न वेगळ्या घडणीचे आणि घड्याळावर चालणारे असतात. रोज दोन तास सुडोकू सोडवणारा उमेदवार मुख्यतः सुडोकूतच तरबेज होतो. त्याऐवजी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवलेल्या बऱ्या.

ॲप आणि कागद यांत फरक काय?

कागदावरचे कोडे संपते. सोडवले, उद्यापर्यंत विषय मिटला. ॲपमध्ये शेवट नसतो. एक कोडे संपताच दुसरे समोर येते, मध्ये जाहिरात, अडलात तर जाहिरात पाहून सूचना, आणि सलग किती दिवस खेळलात याची साखळी. ती तुटू नये म्हणून माणूस आवड संपल्यावरही खेळत राहतो. चुकीचा अंक लगेच लाल दिसतो, त्यामुळे विचार न करता अंक घालून पाहण्याची सवय लागते. कंटाळा हा शरीराच्या थकव्यासारखा संकेत आहे : युक्ती शिकून झाली, आता पुढे चला. तो संकेत दाबून टाकणे हा ॲपचा धंदा आहे. वहीत कोडे उतरवून घेणाऱ्याची दोन मिनिटे वाया जात नाहीत. एक कोडे घ्यायचे आणि थांबायचे, ही मर्यादा त्यातून आपोआप पडते.

मग करावे काय?

सुडोकूचा खरा उपयोग शाळेत आहे आणि त्याला खर्च नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत फरशीवर खडूने चार बाय चारची चौकट आखता येते. अंकांऐवजी चिंचोके, पाने, खडे आणि बिया चालतात. एकच अट ठेवावी : वस्तू ठेवताना ‘येथे हेच का?’ याचे कारण मोठ्याने सांगायचे. पाढे न येणारे मूलही मग तर्काने सिद्ध करायला शिकते आणि गणित म्हणजे पाठांतर हा धसका थोडा सैल होतो. मोठ्या मुलांनी स्वतः कोडे रचून पाहावे. किती अंक दिले तर उत्तर एकच राहते? डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांनी २०१२ मध्ये संगणकाच्या प्रचंड वापरानंतर दाखवले की १७ पेक्षा कमी अंकांत ते शक्य नाही. चार बाय चारच्या चौकटीत हा शोध मुलांना स्वतः घेता येईल.

आणि ज्यांना सुडोकू पुरे झाले आहे, त्यांच्यासाठी देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी खूप काही ठेवले आहे. डहाणूत १९०५ मध्ये, म्हणजे गार्न्स यांच्याच साली जन्मलेले कापरेकर वृत्तपत्रातल्या कोड्याची वाट पाहत नसत. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता पुढे काहीही केले तरी ६१७४ च येते. कोणत्याही संख्येपासून निघा, फार तर सात पायऱ्यांत येथेच पोहोचता.

सुडोकूत प्रश्न दुसऱ्याचा असतो आणि उत्तर आधीच ठरलेले असते. कापरेकरांच्या वजाबाकीत ‘असे का होते?’ हा प्रश्न सोडवणाऱ्याला स्वतः पडतो. तो पडला की कंटाळ्याचे काम झाले. एसटी येईपर्यंत चार-पाच संख्या तपासून होतात, आणि त्यासाठी ॲप लागत नाही.